फिरत्या घरातील सूर्य

हमरस्ता मलकापूरला नवा नाही. पुणे-बंगळूर वाहतूक आपल्या दारावरून जाते आणि उसाच्या हंगामात बैलगाड्यांतून सबंध संसारच चालताना आपण पाहतो. चालत्या संसाराला उजेड कोठून आणावा, हा प्रश्न फार जुना आहे. पूर्वी गाडीखाली कंदील लोंबत असे. पुढे तंबूतल्या सिनेमावाल्यांनी तेलाचे इंजिन बरोबर वागवले. आपली वीज आपल्याच छपरावर मिळवून फिरणे मात्र अलीकडचे होय.

या विद्येचे दोन धागे आहेत. पहिला साठवणीचा. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते याने शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी सिद्ध केली. दुसरा धागा मिळकतीचा. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा सौरघट दाखवला. अंगावर पडलेल्या उन्हाचा जेमतेम सहा टक्के भाग तो विजेत बदलत असे. आजच्या चांगल्या पॅनेलांत हे प्रमाण वीस टक्क्यांच्या पुढे गेले आहे. या दोहोंच्या मध्ये नियंत्रक बसतो. बॅटरी भरली की तो येणारा प्रवाह आवरतो, नाहीतर अतिभरणाने बॅटरी लवकर मरते.

हे दोन्ही धागे एका वाहनात गुंफण्याचे आपल्याकडील ठळक उदाहरण म्हणजे त्या वेळी मुंबईच्या आय. आय. टी.त प्राध्यापक असलेल्या चेतनसिंग सोळंकी यांची ऊर्जा स्वराज यात्रा. नोव्हेंबर २०२० मध्ये ते एका बसमधून निघाले. २०३० पर्यंत घरी परतायचे नाही, असा त्यांचा संकल्प होता. बसवर ३.२ किलोवॅटची पॅनेले आणि आत ६ युनिटे साठवणारी बॅटरी होती. ही वीज बस ओढण्यासाठी नव्हती. आतल्या स्वयंपाकासाठी, दिव्यापंख्यांसाठी आणि कामकाजासाठी होती.

आता हिशेब पाहू. एक किलोवॅटच्या पॅनेलांपासून आपल्या प्रदेशात दिवसाला साधारण चार युनिटे मिळतात. म्हणजे या छपराची मिळकत बारा-तेरा युनिटांची. धूळ, सावली आणि पावसाळा वजा जाता त्याहूनही कमी. रात्रीसाठी हाताशी सहा. दीड युनिट तासाला खाणारे वातानुकूलन यंत्र लावले, तर चार तासांत कणगी रिकामी. पंचाहत्तर वॅटचा साधा पंखा आठ तास चालवला, तर तीच सहा युनिटे दहा रात्री पुरतात! म्हणून अशा घरात चूल दुपारी पेटवावी आणि रात्री हात आखडावा. सोळंकींची शिकवणही हीच होती: गरज आधी टाळा, मग कमी करा, उरलेल्यापुरतीच वीज निर्माण करा.

घरी तारेतून येणाऱ्या विजेला तळ दिसत नाही; बसमध्ये तो रोज रात्री दिसतो. एवढाच काय तो फरक. आणि हा धडा मलकापूरने परक्याकडून घ्यावा असेही नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात आपण मीटरने चोवीस तास पाणी देणारी योजना हाती घेतली. नळाला सतत पाणी असूनही माप डोळ्यांसमोर असल्यामुळे हात आपोआप आवरला. छपरावर सूर्य आणणे आता पैशाचे काम उरले आहे. त्याच्यापुढे मीटर ठेवण्याची सवय मात्र विकत मिळत नाही. ती आपल्या गावाने पाण्यात कमावली आहे, ती विजेतही वापरावी.