तळटीप : कानाच्या आत रक्तगट

३. रक्तगटाचे प्रतिजन : मूळ लेखात ते उंदराच्या आंतरकर्णात सापडल्याचे वाचून वाचक थबकेल, कारण रक्तगट म्हणजे रक्तातली गोष्ट असे आपण शाळेपासून शिकतो. कार्ल लँडस्टायनर यांना १९०१ मध्ये ते रक्तात दिसले, एवढाच त्या नावाचा उगम. प्रत्यक्षात हे प्रतिजन म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या साखरेच्या छोट्या साखळ्या, आणि त्या लाळग्रंथींत, आतड्याच्या अस्तरातही असतात. एच ही पायाभूत साखळी. तिला गॅलेक्टोजचा एक रेणू जोडला की बी तयार होतो. मुंबईत १९५२ साली भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटात हा एचच नसतो. रॅट जातीच्या उंदरांच्या पिलांमध्ये शंखिका घडत असताना तिच्या केसपेशींवर एच आणि बी दोन्ही आढळले आहेत. ध्वनीची कंपने मज्जासंदेशात बदलणाऱ्या याच पेशी. आतल्या बाजूला त्यांची एक रांग, बाहेर तीन. पिलू जन्मतः बहिरे असते, सुमारे बाराव्या दिवशी ऐकू लागते. म्हणून जन्मानंतरही कानाची घडण टप्प्याटप्प्याने पाहता येते. या प्रतिजनांवरून उंदराचा ‘रक्तगट’ मात्र वाचकाने ठरवू नये. येथे ते केवळ पेशी ओळखण्याच्या खुणा आहेत. — संपा.