कुंपणाचे पाय

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण म्हणतो. माणसाची धाव मात्र तिथूनच पुढे सुरू होते. परसात चार मिरच्या, दोन वांगी आणि कोपऱ्यात एक शेवगा लागला, की पलीकडची मोकळी जागा डोळ्यांत भरू लागते. 'ती कुणाची?' असे विचारावे, तर उत्तर ठरलेले: 'कुणाचीच नाही!' मग यंदा काट्यांचे कुंपण हातभर सरकते, पुढल्या साली आणखी हातभर. शेतात यालाच बांध कोरणे म्हणतात. कुंपणाला पाय असतात. मौज एवढीच, की ते नेहमी बाहेरच्या दिशेने चालतात.

आमच्या पाटोद्याकडे या 'कुणाचीच नाही'ला मोठा इतिहास आहे. मांजरा नदी जिथे उगम पावते, तो हा बालाघाटचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात काही जमीन दिवाणी, काही जहागिरीची, काही इनामाची, तर काही सर्फेखास, म्हणजे खुद्द निजामाच्या खासगीची. १९४९ साली जहागिऱ्या गेल्या. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. राज्ये बदलली, दप्तराची भाषा बदलली, फसली सन जाऊन इसवी सन आला. इतक्या हातांतून गेलेल्या जमिनीचा धनी कोण, हे सांगताना भल्याभल्यांची जीभ अडखळावी, यात नवल नाही.

कागद नव्हते तेव्हा शीव कशी राखत? मनुस्मृती सांगते, की सीमेवर वड, पिंपळ, पळस लावावेत. शिवाय कोळसे, कोंडा, हाडे, खापऱ्या जमिनीत पुरून ठेवाव्यात. वरची खूण माणूस हलवतो, हे त्या काळीही ठाऊक होते! साक्षीदाराने तांबडी वस्त्रे नेसून, डोक्यावर माती घेऊन सीमा दाखवायची. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील विज्ञानेश्वराच्या 'मिताक्षरे'तही सीमावादाचे स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे मराठी मुलखात शिवेच्या तंट्यात महाराच्या साक्षीला मान असे. ज्याच्या शब्दावर गावाची शीव ठरे, त्याच्या स्वतःच्या वाट्याला मात्र जमीन थोडीच येई.

आता कायदा काय म्हणतो तेही पाहू. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे जी जमीन कुणा व्यक्तीच्या मालकीची नाही, ती सरकारची. म्हणजे 'कुणाचीच नाही' असा रकानाच उरला नाही. खासगी धन्याने बारा वर्षे डोळेझाक केली, तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे त्याचा दावा बुडू शकतो. सरकारला मात्र तीस वर्षांची मुदत आहे. कुंपण सरकवणारे या आकड्यांचा हिशेब फार चोख ठेवतात!

पण सगळीच कुंपणे एका मापाने मोजावीत काय? १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी पडीक जमिनीसाठी सत्याग्रह केला. त्यांनी रात्री गुपचूप काटे सरकवले नाहीत. उजेडात मागणी केली आणि तुरुंग भरले. पुढे १९९१ साली सरकारने १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची गायरानावरील शेती नियमित करण्याचा निर्णय घेतला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील रोहर जागीर गावच्या तळ्यावर घर बांधणाऱ्यांना जागा सोडायला लावली. गावाची सामाईक जमीन परत गावाला द्या, असे सर्व राज्यांना बजावले. मात्र भूमिहीनांना सरकारी पट्ट्याने मिळालेल्या जमिनीसारखे काही अपवाद ठेवले.

मला यातला विवेक महत्त्वाचा वाटतो. ज्याच्यापाशी टीचभरही जमीन नाही, त्याने पोटासाठी पडीक माळ कसणे निराळे. आणि ज्याचे घर, परस, विहीर सगळे आहे, त्याने शोभेच्या मोगऱ्यासाठी गायरान गिळणे निराळे. पहिला वाटा मागतो, दुसरा वाट अडवतो. मोकळी दिसणारी ती पट्टी कुणाच्या शेळ्यांचा चारा असते, कुणाची पाणवठ्याची वाट असते, पावसाळ्यात गावाच्या ओहोळाचे पात्र असते.

दिवाळीला अंगण सारवताना आपण रांगोळीची रेघ उंबऱ्याशी काढतो, शेजाऱ्याच्या दारात नाही. कुंपणाची रेघ ओढतानाही तेवढेच भान पुरे. आधी भूमिअभिलेख कार्यालयातला नकाशा पाहावा आणि मग त्या जागेवरून रोज कोण जाते, तेही पाहावे. नकाशात न सापडलेला धनी पुष्कळदा पाऊलवाटेवर भेटतो.