बंदी असलेल्या ओळखीचं तिकीट

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाईल गावी १८७९ साली एक निवासी शाळा सुरू झाली. जागा लष्कराच्या जुन्या छावणीची आणि संस्थापक रिचर्ड हेन्री प्रॅट हे लष्करी अधिकारी. दूरवरच्या वस्त्यांतून आदिवासी मुलं रेल्वेने इथं आणली जात. आल्याबरोबर केस कापले जात, नावं बदलली जात, मातृभाषेत बोलायला मनाई असे. माणूस वाचवायचा तर त्याच्यातला ‘इंडियन’ मारला पाहिजे, ही प्रॅट यांची उघड भूमिका होती.

याच शाळेचा फुटबॉल संघ १९११च्या हंगामात देशभर गाजला.

हा आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्याला अंगावर धावून पाडायचं, असा रग्बीच्या जवळचा खेळ. तो इतका जीवघेणा होता की १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बड्या विद्यापीठांच्या मंडळींना व्हाईट हाऊसमध्ये बोलावून घेतलं. १९०६ पासून चेंडू पुढे फेकायची मुभा मिळाली. धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांपुढे कार्लाईलच्या मुलांनी वेग, हुलकावणी आणि ही नवी फेक वापरली. त्यांचे प्रशिक्षक होते ‘पॉप’ वॉर्नर.

१९११ मध्ये त्यांनी पिट्सबर्गला १७-० आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला १६-० असं हरवलं. ११ नोव्हेंबरला गाठ होती हार्वर्डशी. हार्वर्डच्या प्रशिक्षकांनी सुरुवातीला आपले प्रमुख खेळाडू बाहेरच बसवले. ‘यांच्यासाठी राखीव पुरेत’ असा हिशेब. सॅक अँड फॉक्स जमातीचा जिम थॉर्प दुखऱ्या पायाला पट्ट्या बांधून उतरला आणि त्याने चार फील्ड गोल मारले. १८ पैकी १२ गुण त्याच पायाचे. निकाल १८-१५. पुढच्याच शनिवारी सिरॅक्यूजने अवघ्या एका गुणाने हरवलं. अख्ख्या हंगामात ११ विजय आणि ही एकच हार.

आता यातली मेख पाहा. वर्गात ‘इंडियन’ असणं हा गुन्हा होता, मैदानावर मात्र तोच शब्द विकला जात होता. वृत्तपत्रं प्रत्येक सामना गोरे विरुद्ध इंडियन अशी लढाई म्हणून रंगवत. गर्दी त्यासाठीच येई. बहुतेक सामने बाहेरगावी होत, कारण मोठा गल्ला तिथं जमे.

त्या पैशाचं काय होतं, हा प्रश्न शेवटी मुलांनीच विचारला. क्वार्टरबॅक गस वेल्च याने विद्यार्थ्यांच्या सह्यांचा अर्ज पुढे नेला. १९१४ साली अमेरिकी संसदेच्या समितीने चौकशी केली, फुटबॉलचा निधी आणि वॉर्नर यांची वागणूक दोन्ही तपासली गेली. वॉर्नर शाळा सोडून गेले. १९१८ मध्ये शाळाच बंद झाली. घरी न परतलेल्या मुलांच्या कबरी तिथं आजही आहेत.

अमेरिकेच्या सर्व आदिवासींना नागरिकत्व मिळालं ते १९२४ साली. म्हणजे हार्वर्डला हरवलं त्या दिवशी या मुलांच्या समाजातले अनेक जण देशाच्या लेखी नागरिकही नव्हते. टाळ्या मिळाल्या म्हणजे हक्क मिळाले, असं नसतं. वेल्चला हे कळलं होतं, म्हणूनच जिंकलेल्या संघातला हा खेळाडू अर्ज घेऊन उभा राहिला. त्या हंगामाची आठवण थॉर्पच्या पायासाठी निघते. वेल्चच्या अर्जासाठीही निघायला हवी.