त्र्यंबकेश्वर आणि भारतीय छायालेखनाचा आरंभ

भारतीय चित्रपटाच्या इतिहासात त्र्यंबकेश्वरचा उल्लेख होतो तो ३० एप्रिल १८७० रोजी तेथे जन्मलेल्या धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांच्यामुळे. परंतु त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचे छायालेखक, म्हणजे कॅमेरा चालवून दृश्ये फिल्मवर उतरवणारे तंत्रज्ञ, त्र्यंबक तेलंग हेही फाळके यांचे त्र्यंबकेश्वरचेच स्नेही होते, याची नोंद तितक्या आवर्जून घेतली जात नाही.

चलचित्रणाची कला तोवर भारतात अगदीच अपरिचित होती असे नाही. सावेदादा तथा हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईतील कुस्ती चित्रित केली होती. मात्र १९१२ मध्ये दादासाहेब तोरणे यांच्या ‘पुंडलिक’ या चित्रपटासाठी कॅमेऱ्यामागे जॉन्सन हा इंग्रज छायालेखक होता. फाळके यांनी ही परावलंबनाची वाट टाळली. १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रपट तयार करणाऱ्या स्टुडिओत त्यांनी कामाची पद्धत पाहिली आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतल्यावर, छायाचित्रणाची आवड असलेल्या तेलंग यांना तो चालवण्यास शिकवले.

हे काम बाहेरून दिसते त्याहून कितीतरी कठीण होते. कॅमेऱ्याला मोटार नसल्यामुळे त्याचा दांडा हाताने, सेकंदाला साधारण सोळा चौकटी टिपल्या जातील अशा एकसारख्या गतीने फिरवावा लागे, कारण हात मंदावला की पडद्यावरची पात्रे धावू लागत. प्रकाश मुख्यतः उन्हाचाच असे, आणि तत्कालीन फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसत नसल्याने तो पडद्यावर काळा उमटे. कोरी फिल्म कडेला छिद्रे नसलेली येई; ती छिद्रे अंधारात पाडण्याचे आणि फिल्म धुण्याचे कष्ट सरस्वतीबाई फाळके यांनी दादरच्या राहत्या घरी उपसले. अशा रीतीने सुमारे ३,७०० फूट लांबीचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला.

फाळके यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’चे छायालेखनही तेलंग यांचेच होते. पुण्यात शासकीय चित्रपट संस्था १९६० मध्ये स्थापन होण्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी, मोठ्या कंपनीचा आधार नसताना, मैत्री आणि घरच्या कारखान्यातील शिकवणीच्या बळावर एक भारतीय छायालेखक घडला. म्हणूनच या व्यवसायाच्या इतिहासात फाळके यांच्या नावाशेजारी तेलंग यांचे नाव लिहिणे हा औदार्याचा नव्हे, न्यायाचा भाग आहे.