दोष कार्बोरेटरचा नव्हे

जेट-स्की पिकअप घेत नाही, मधेच मिसिंग करते, म्हणजे कार्बोरेटर उघडा, जेट साफ करा, स्क्रू अर्धा फेरा सैल करा. किनाऱ्यावरच्या मिस्त्रीपासून हौशी मालकापर्यंत सगळे हेच सांगतात. जुन्या टू-स्ट्रोक यंत्रांच्या बाबतीत हे मत चुकीचे आहे, आणि या चुकीची किंमत बहुधा पिस्टनला मोजावी लागते.

पूर्वपक्ष दुबळा नाही. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या यंत्रातले पेट्रोल सुकते आणि जेटच्या बारीक छिद्रात त्याचा राळेसारखा थर बसतो, हे खरे. सफाईनंतर इंजिन सुधारते, हा अनुभवही खरा. पण ‘इंजिन अडखळते, म्हणून कार्बोरेटर बिघडला’ या अनुमानातला हेतू नैयायिकांच्या भाषेत सव्यभिचार आहे. साध्य नसतानाही तो आढळतो. टाकीत पाणी उतरले, क्रँकचे सील हवा ओढू लागले किंवा एका सिलिंडरची रिंग चिकटली, तरी इंजिन असेच अडखळते. 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल हवेतला ओलावा शोषते, आणि तो फार झाला की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. मालवण-कळंगुटच्या दमट हवेत या शक्यतेचा विचार आधी व्हायला हवा.

आता सफाईचा पुरावा तपासू. 1990च्या दशकातल्या अनेक सी-डू यंत्रांत करड्या रंगाच्या पेट्रोल-नळ्या आहेत. वर्षे लोटली की त्या आतून झिजू लागतात. मिकुनी कार्बोरेटरच्या आतली नखाएवढी जाळी बाहेर काढली, की तिच्यावर हिरवट, चिकट साका दिसतो. जाळी धुतली की यंत्र धावते आणि निदान बरोबर होते अशी सगळ्यांची खात्री पटते. काही फेऱ्यांनंतर तीच तक्रार पुन्हा येते. घाण कार्बोरेटरमध्ये सापडली खरी, पण ती आली नळीतून. नळ्या बदलून पेट्रोलचा कॉक साफ केल्याशिवाय ती यायची थांबणार नाही.

स्क्रूचा उपाय तर याहून घातक. या कार्बोरेटरचा पेट्रोल-पंप क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो. ठोके पोहोचवणाऱ्या नळीला चीर गेली की पंप मंदावतो आणि पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल कमी पडते. अशा वेळी लो-स्पीडचा स्क्रू सैल केला की आयडलिंग सुधारते, पिकअपही बरा वाटतो, आणि चालवणारा निर्धास्त होऊन थ्रॉटल पुरता दाबतो. तिथे तुटवडा जसाच्या तसा असतो. पिस्टनला थंडावा देण्यात आत येणाऱ्या पेट्रोलचाही वाटा असतो. ते कमी पडले की पिस्टनचा माथा तापून वितळू लागतो. दोन कार्बोरेटरच्या इंजिनात एकच सिलिंडर उपाशी असला तर दुसरा त्याला ओढत नेतो, आणि आवाजावरून काहीच कळत नाही.

कित्येकदा दोष इंजिनात नसतोच. आरपीएम चढतात पण वेग येत नाही, अशी तक्रार असेल तर इंपेलरभोवतीची वेअर रिंग झिजली आहे का, खालच्या जाळीत दोरखंड किंवा प्लास्टिक गुंतले आहे का, ते पाहावे. तिथे कार्बोरेटर उघडून काय मिळणार?

म्हणून माझ्या मते पहिले हत्यार स्क्रूड्रायव्हर नसून कॉम्प्रेशन गेज. दोन्ही प्लग काढावेत, प्लगच्या वायर अर्थ कराव्यात, थ्रॉटल पूर्ण उघडून सेल्फ मारावा. दोन सिलिंडरांच्या दाबात दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला, तर आधी हेड उघडावे लागेल. दाब सारखा आणि भरपूर असेल, तर टाकीच्या तळाचे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाणी वेगळे होते का ते पाहावे, मग नळ्या, कॉक आणि पल्सची नळी तपासावी. एवढ्यानेही उत्तर मिळाले नाही, तर कार्बोरेटर जरूर उघडावा.