आधी राब, मग रोप

मंडळाच्या सहलीत एका काकूंनी मला विचारले, "किरणांनी कॅन्सर होतो म्हणतात, मग ब्लड कॅन्सरच्या माणसालाच डोक्यापासून पायापर्यंत किरण का देतात?" त्यांच्या नात्यातल्या एका मुलाच्या मज्जारोपणाची तयारी चालू होती. माझ्या नावामागे 'डॉक्टर' असले तरी ते इंजिनिअरिंगचे, आणि पोटासाठी मी सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे औषधपाण्याचे कुणी विचारले की मी हात जोडतो. पण हा प्रश्न डोक्यातून जाईना. वाचत गेलो, तेव्हा हाती लागला तो मुख्यतः इतिहास.

त्याची सुरुवात ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा-नागासाकीला होते. स्फोटातून आणि आगीतून वाचलेली माणसे काही आठवड्यांनी तापाने आणि रक्तस्रावाने मरू लागली. त्यांच्या हाडांतली मज्जा, म्हणजे रक्त तयार करणारा कारखाना, बंद पडला होता. पुढचे अणुयुद्ध झाले तर काय, या धास्तीने अमेरिकेत आणि इंग्लंडात संशोधन सुरू झाले. १९४९ मध्ये शिकागोच्या लिऑन जेकबसन यांनी उंदरांची पाणथरी शिशाने झाकून त्यांना मारक मात्रा दिली, तरी उंदीर जगले. १९५१ मध्ये एगॉन लोरेन्झ यांनी दाखवले की किरणांनंतर दुसऱ्या उंदराची मज्जा टोचली तरीही जीव वाचतो. मज्जेतल्या एखाद्या रसायनाचा हा गुण असावा, असे बऱ्याच जणांना वाटत होते. १९५६ मध्ये इंग्लंडातल्या हार्वेल येथील शास्त्रज्ञांनी गुणसूत्रांवरून सिद्ध केले की दात्याच्या पेशीच तिथे जाऊन वसतात.

आता काकूंच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. कोकणात भाताचे रोप टाकण्याआधी राब भाजतात. तण जळते, जमीन मोकळी होते, मग बी पडते. इथे किरण तीन कामे करतात: उरलेल्या कर्करोगाच्या पेशी मारतात, नव्या मज्जेला जागा करून देतात, आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती इतकी दाबतात की ती परक्या पेशींना हाकलून देऊ शकत नाही.

मला सगळ्यात चकित केले ते मात्रेच्या हिशेबाने. जुन्या पद्धतीची पूर्ण मात्रा १,००० रॅड, म्हणजे १० ग्रे. सत्तर किलोच्या माणसात ती ७०० ज्यूल ऊर्जा सोडते, जवळपास एक चमचा गरम चहातल्या उष्णतेइतकी. ताप मोजायच्या काट्यावर ती दिसणारही नाही. पण ती ऊर्जा पेशीच्या डीएनएचे धागे तोडते, आणि मागाहून दुसऱ्याची मज्जा दिली नाही तर माणूस वाचत नाही. मारक मात्रा औषध म्हणून द्यायची, आणि दिल्यावर परतीची वाट ठेवायची नाही, असा हा उपचार आहे.

न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या छोट्या गावी डॉ. डॉनल थॉमस यांनी तो माणसांवर करून पाहिला. १९५७ च्या त्यांच्या निबंधात सहा रुग्ण आहेत. शंभर दिवसांपुढे एकही जगला नाही. १९५९ मध्ये ल्युकेमियाच्या दोन रुग्णांना त्यांच्या जुळ्या भावंडांची मज्जा दिली. रक्त पुन्हा तयार होऊ लागले, पण काही महिन्यांत आजार परतला. त्याच सुमारास, ऑक्टोबर १९५८ मध्ये, युगोस्लाव्हियातल्या विंचा अणुभट्टीत अपघात झाला. सहा जणांना पॅरिसला नेले आणि डॉ. जॉर्ज माते यांनी त्यांपैकी पाच जणांना फ्रेंच स्वयंसेवकांची मज्जा दिली. पाचांतला एक दगावला, चार वाचले. ती मज्जा मात्र तात्पुरतीच टिकली, त्यामुळे वाचवले तिने की त्यांच्याच उरल्यासुरल्या मज्जेने, हा वाद राहिला.

साठच्या दशकात बहुतेकांनी हा नाद सोडला. जुळे भावंड कुणाकुणाला असणार? इतरांची मज्जा रुजत नसे, आणि रुजली तर ती रुग्णाच्याच कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर उलटे. थॉमस यांनी मग जे केले ते मला त्यांच्या १९९० च्या नोबेलपेक्षा मोठे वाटते. ते माणसांकडून मागे फिरले आणि कुत्र्यांकडे गेले. १९६३ मध्ये सिअ‍ॅटलला येऊन एकाच वेतातल्या पिल्लांच्या ऊतींचा मेळ कसा घालायचा आणि रोपणानंतर कोणते औषध द्यायचे, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे तपासले.

याच वर्षांत, १९६० ते १९७१ दरम्यान, सिनसिनाटीत डॉ. युजीन सेंगर हेही पूर्ण शरीराला किरण देत होते. पैसे होते संरक्षण खात्याचे, रुग्ण सुमारे ९०, कर्करोगाचे, बहुतेक गरीब आणि त्यांतले बरेचसे कृष्णवर्णीय. किरण खाल्लेल्या सैनिकाचे काय होते, हे सैन्याला जाणून घ्यायचे होते. आजार बहुतेकांचे गाठींचे होते. त्यांवर या उपचाराचा उपयोग होईल, असे मानायला आधार थोडा होता. सुरुवातीच्या वर्षांत लेखी संमतीही घेतली जात नसे. १९९४ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी नेमलेल्या समितीने हे प्रकरण तपासले. किरण तेच, दशक तेच. पण सिनसिनाटीत रुग्णाला झालेली इजा हीच माहिती होती, आणि तिला औषधाचे नाव देणे मला अक्षम्य वाटते.

सिअ‍ॅटलला माणसांवरचे काम १९६९ मध्ये पुन्हा सुरू झाले, आता भावंडांच्या ऊती जुळवून. १९७७ मध्ये थॉमस यांनी शंभर रुग्णांचा हिशेब मांडला: सर्व उपाय थकलेले लोक, सायक्लोफॉस्फमाइड आणि १,००० रॅड. तेरा जण आजारमुक्त जिवंत होते. आकडा लहान वाटेल, पण ही माणसे सगळ्यांनी आशा सोडलेली होती. त्यावरून आजाराला उतार पडल्यावर लगेच रोपण करावे, हे सुचले. पुढे एकाच दमात मात्रा देण्याऐवजी ती काही दिवसांत विभागली. फुफ्फुसांना शिशासारख्या ठोकळ्यांचा आडोसा आला.

१९८३ मध्ये मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश आडवाणी यांनी भारतातले पहिले यशस्वी मज्जारोपण केले. लहानपणीच्या पोलिओमुळे ते चाकांच्या खुर्चीतून काम करत.

किरणांची किंमत नंतर मोजावी लागते: मोतीबिंदू, वंध्यत्व, खुंटलेली वाढ, कधी दुसरा कर्करोग. म्हणून नुसत्या औषधांनी राब भाजता येतो का, हे अनेक देशांनी मिळून लहान मुलांच्या ल्युकेमियात पाहिले. २०२१ मध्ये निकाल छापला: दोन वर्षांनी किरण दिलेल्यांपैकी ९१ टक्के, नुसत्या औषधांवरच्यांपैकी ७५ टक्के जिवंत. फरक इतका दिसला की चिठ्ठ्या टाकून गट पाडणे मुदतीआधीच थांबवावे लागले. चार वर्षांखालच्या मुलांना मात्र त्या चिठ्ठ्यांत घेतले नव्हते.

दाता मिळणे ही वेगळीच अडचण. २०१४ च्या एका अभ्यासाप्रमाणे अमेरिकेतल्या दाता-नोंदणीत युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता सापडण्याची शक्यता ७५ टक्के, दक्षिण आशियाई रुग्णाला ३३. भावंड जुळले नाही की आपल्या माणसाला आपल्यातच शोधावे लागते. नावनोंदणीला गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की झाले, आणि पुढे बहुतेक वेळा दंडातून रक्त काढून पेशी वेगळ्या करतात. वय मात्र किमान १८ लागते, आणि वरचीही मर्यादा असते. माझे उलटून गेले. मुलीचे या जूनमध्ये भरले.