तीन रेषांची बंदूक

वरच्या वर्गांतील मुलांना हल्ली एक आकडा कोणी न शिकवताच पाठ असतो : ७.६२. बातम्यांत तो ऐकू येतो, युद्धपटांत येतो, मोबाईलवरच्या खेळांत तर सतत येतो. बारामती-इंदापूरकडची मुलेही याला अपवाद नाहीत. बंदुकीच्या नळीचा हा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये, हेही काहींना ठाऊक असते. पण तो असा अवघड का? साडेसात का नाही? सरळ आठ का नाही?

हा आकडा २.५४ ने भागून पाहा. १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, तेव्हा ७.६२ मिलिमीटर म्हणजे बरोबर ०.३ इंच. झारच्या रशियात इंचाच्या दहाव्या भागाला 'रेषा' म्हणत. तीन रेषा रुंद नळीची म्हणून रशियन सैनिक आपल्या रायफलीला 'तीन रेषांची' म्हणत असे. रशियात इंच कुठून आला, हा प्रश्न मुले विचारतीलच. पहिल्या पीटरने रशियन मापे इंग्लिश मापांशी जुळवून घेतली होती. 'साजेन' हे जुने माप ७ फुटांचे आणि 'आर्शिन' २८ इंचांचे ठरले. म्हणजे मिलिमीटरच्या वेषात वावरणारा हा आकडा मुळात इंचाचा आहे.

अशी जुनी मापे नव्या वेषात आपल्याकडेही कमी नाहीत. मापनाची दशमान पद्धती आणणारा कायदा आपण १९५६ मध्ये केला. तरी उजनी धरणाची क्षमता आजही ११७ टीएमसी अशीच सांगितली जाते, आणि टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. नीरेच्या डाव्या कालव्याला किती पाणी सुटले ते क्युसेकमध्येच विचारतात, आणि त्यातही दर सेकंदाला वाहणारे घनफूटच असतात. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, पण बांधावरचा हिशोब गुंठ्यांचा. तेहतीस फूट बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा; तो भरतो सुमारे १०१ चौरस मीटर. आर १०० चौरस मीटरचा. दोन्ही इतके जवळ आल्यामुळे कोणाचे फारसे अडत नाही आणि म्हणूनच गुंठा जात नाही. बंदुकीच्या बाबतीत मात्र असे अडते, आणि ते कसे अडते हे जुन्या रशियन रायफलींवर स्पष्ट वाचता येते.

१८७७-७८ च्या युद्धात प्लेव्हना येथे तुर्कांनी एकामागोमाग गोळ्या सुटणाऱ्या विंचेस्टर बंदुकांनी रशियनांची दाणादाण उडवली. त्यानंतर रशियाने अशा रायफलीचा शोध सुरू केला. सर्गेई मोसिन या रशियन अधिकाऱ्याचा आणि लिऑन नागां या बेल्जियन कारखानदाराचा असे दोन नमुने पुढे आले आणि दोन्हींतील भाग घेऊन १८९१ मध्ये एक रायफल मंजूर झाली. सरकारी नावात दोघांपैकी कोणालाच स्थान मिळाले नाही. तूला, इझेव्हस्क आणि सेस्त्रोरेत्स्क हे तिचे रशियातील कारखाने. पहिल्या महायुद्धात मागणी पुरी होईना, तेव्हा अमेरिकेतील रेमिंग्टन आणि वेस्टिंगहाउस या कंपन्यांनीही ती बनवली.

नेम धरण्याच्या पट्टीवर अंतराचे आकडे कोरलेले असतात, कारण लांबच्या लक्ष्यासाठी नळी थोडी वर उचलावी लागते. जुन्या रायफलींवर हे आकडे शेकडा आर्शिनचे होते. १० वर पट्टी लावली की ती १००० आर्शिनची, म्हणजे ७११ मीटरची. नव्या राजवटीने १९१८ मध्ये मेट्रिक पद्धतीचा हुकूम काढला. आता शाळेत मीटर शिकलेला शिपाई १० चा अर्थ हजार मीटर असा घेणार आणि गोळी लक्ष्याच्या पुष्कळ अलीकडे मातीत जाणार! म्हणून १९३० च्या सुधारित नमुन्यात पट्टी मीटरमध्ये आली. नळीची तीन रेषांची रुंदी मात्र तशीच राहिली. काडतुसे आणि ती बनवणारी यंत्रे सगळी त्याच मापाची होती, ती कोण बदलणार? १८९१ चे ते काडतूस आजही वापरात आहे.

येथे एक खुलासा करायला हवा. ७.६२ सारखे असले म्हणजे काडतूस एकच असे नाही. मोसिन रायफलीच्या काडतुसाचे पितळी नळकांडे ५४ मिलिमीटर लांब, नाटो देशांच्या काडतुसाचे ५१, तर कलाश्निकोव्हचे ३९. एकाचे दुसऱ्यात चालत नाही. आपल्या पोलिसांच्या हाती अनेक दशके दिसलेली '३०३' ही ०.३०३ इंचाची, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटरची.

जुन्या रशियन रायफली गोळा करण्याचा छंद अमेरिकेत आणि युरोपात मोठा आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर गोदामांत ग्रीस लावून ठेवलेल्या लाखो रायफली बाजारात आल्या आणि एके काळी अमेरिकेत शंभर डॉलरच्या आतही मिळत. खरा संग्राहक ती झाडण्यापेक्षा वाचतो अधिक. त्रिकोणातला बाण दिसला की इझेव्हस्क, तारा दिसला की तूला. काहींवर झारचा दुमुखी गरुड कानशीने घासून काढलेला असतो. फिनलंडने स्वतंत्र झाल्यावर हाती आलेल्या रशियन रायफलींना स्वतःच्या नळ्या बसवल्या, त्यामुळे एकाच बंदुकीवर दोन देश आणि दोन काळ सापडतात. ताम्रपट वाचणाऱ्याला जे सुख मिळते, त्याच जातीचे हे सुख आहे असे आम्हांला वाटते.

पण हा छंद आपल्याला नाही. आपल्या शस्त्रविषयक नियमांनुसार लष्करी .३०३ किंवा ७.६२ ची काडतुसे झाडू शकणारी रायफल निषिद्ध वर्गात मोडते. सैन्याची वा पोलिसांची काडतुसे चोरीला गेली, तरी ती भरायला बाहेर बंदूक असू नये, हे त्यामागचे साधे तर्कशास्त्र. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निषिद्ध शस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान सात वर्षांची आहे. परवाना असला तरी एका व्यक्तीला आता दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि वारशाने आलेलेही त्यात धरले जाते. दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा पुराण्या शस्त्राला १९५९ च्या कायद्यात सूट आहे. मात्र आपल्या माळ्यावरचे हत्यार त्यात बसते की नाही हे घरच्या घरी ठरवू नये. मोबाईलवर बंदुकीसह छायाचित्र टाकण्याची हौस असलेल्या मुलांना हा परिच्छेद वाचून दाखवायला हरकत नाही.

जुनी शस्त्रे पाहायची तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. इंदापूरच्या मुलांना तर त्यासाठी निमित्तही घरचेच आहे, कारण शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्याच लढाईत पडले. त्या काळच्या तोड्याच्या बंदुकीला प्रमाणित व्यास असा नव्हताच. ज्याची बंदूक, त्याचा गोळ्या ओतण्याचा साचा. शेजारच्या शिपायाची गोळी आपल्या नळीत बसेलच याची खात्री नसे. तीन रेषांचे महत्त्व कळायला ही तुलना उपयोगी पडते : लाखो बंदुका आणि कोट्यवधी काडतुसे एकाच मापाची निघणे हा मापनशास्त्राचा विजय होता, मग तो कोणाच्या कामी आला हे वेगळे.

आता नेमाची दुर्बीण. साध्या बंदुकीवर डोळ्याला एकाच वेळी तीन गोष्टी पाहाव्या लागतात : जवळची पट्टी, नळीच्या टोकाचा खुंट आणि दूरचे लक्ष्य. तिन्ही एकदम स्पष्ट दिसणे शक्य नसते. दुर्बिणीत लक्ष्याची प्रतिमा ज्या प्रतलात पडते, तेथेच खुणेच्या रेघा बसवतात. प्रतिमा आणि रेघ दोन्ही सारख्याच स्पष्ट दिसतात. अनेकांना वाटते तसे वर्धन हा दुर्बिणीचा मुख्य गुण नव्हे. सोव्हिएत 'पी.यू.' दुर्बीण अवघी साडेतीन पट मोठे दाखवीत असे. १९४० च्या सुमाराची ही आखूड, साधी, घाऊक बनवता येणारी दुर्बीण १९४२ पासून मोसिन रायफलींवर बसू लागली. युद्धात ती वापरणाऱ्यांत स्त्रियाही पुष्कळ होत्या. सर्वांत गाजलेली नेमबाज ल्युदमिला पावलिचेंको ही कीव्ह विद्यापीठात इतिहास शिकत होती.

मात्र या दुर्बिणीआधी काच हवी. खिडकीची काच आणि भिंगाची काच यांत फार अंतर असते. भिंगाच्या काचेत बुडबुडा चालत नाही, पाकात दिसतात तशा तारा चालत नाहीत. वितळलेला रस सतत ढवळावा लागतो आणि मग फार हळू थंड करावा लागतो. १९१४ पर्यंत रशिया ही काच बाहेरून, बरीचशी जर्मनीतूनच घेत असे. युद्ध जर्मनीशीच जुंपले आणि पुरवठा बंद झाला. पेत्रोग्राडच्या चिनी मातीच्या कारखान्यात प्रयोग सुरू झाले आणि १९१८ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, रोझ्देस्तव्हेन्स्की या भौतिकशास्त्रज्ञाने तेथे प्रकाशशास्त्राची सरकारी संस्था उभी केली. आपल्या पुणे जिल्ह्यात त्याआधी दहा वर्षे, १९०८ मध्ये, तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा जमवून उभारलेल्या निधीतून तो निघाला. पण तेथील काच घरगुती सामानाची. भिंगाची काच भारतात तयार होण्यासाठी स्वातंत्र्यानंतर कोलकात्याच्या काच व मृत्तिका संशोधन संस्थेत आत्माराम यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या कामाची वाट पाहावी लागली.

दुर्बीण आणि बंदूक यांची जोडी लावलेली असते. दुर्बिणीचा क्रमांक बंदुकीवरही कोरत. कारण अक्ष एका सहस्रांशाने जरी चुकला, तरी ६०० मीटरवर गोळी ६० सेंटिमीटर बाजूला जाते. युद्धानंतर अनेक रायफलींवरच्या दुर्बिणी काढून भोके बुजवली आणि त्या साध्या म्हणून गोदामात ठेवल्या. संग्राहक आज ती बुजवलेली भोके शोधत असतात.

हा 'सहस्रांश' गणिताच्या शिक्षकांनी जरूर वर्गात न्यावा. १००० मीटरवरची १ मीटर उंचीची वस्तू डोळ्याशी जेवढा कोन करते, तो एक सहस्रांश रेडियन. पूर्ण वर्तुळात असे ६२८३ मावतात. रशियन तोफखान्याने भागाकार सोपा व्हावा म्हणून वर्तुळाचे ६००० भाग केले, नाटोने ६४००. रशियनांनी पाच टक्क्यांच्या आतली चूक पत्करून सोय साधली. १९६३ च्या द्रागुनोव्ह रायफलीच्या दुर्बिणीत (ही रायफल भारतीय सेनेनेही दीर्घकाळ वापरली) याच कोनावर बेतलेली एक वक्ररेषा आहे. खाली आडवी रेघ, वर उतरत जाणारी वक्ररेषा, तिच्यावर २, ४, ६, ८, १० असे शेकडा मीटरचे आकडे. समोरच्या माणसाचे पाय रेघेवर ठेवायचे आणि डोके वक्ररेषेला जेथे टेकेल तेथला आकडा वाचायचा. आर्शिन गेले, मीटर आले, आणि येथे माप झाला माणूसच : १.७ मीटर उंचीचा, उभा. समोरची व्यक्ती १.५ मीटरची, म्हणजे आपल्या आठवीतल्या मुलाएवढी असेल आणि ४०० मीटरवर असेल, तर दुर्बीण तिला सुमारे ४५३ मीटरवर दाखवते. ते गणित मुलांकडून करून घ्यावे. त्यावर वेगळे भाष्य करण्याची गरज पडत नाही.

प्रयोगाला बंदूक तर नकोच, दुर्बीणही नको. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या, त्याला ६० सेंटिमीटर दोरी बांधा. दोरीचे टोक दातांत धरून पुठ्ठा ताणला की अंतर कायम राहते. पुठ्ठ्याच्या कडेवर खालून २०.४, १०.२ आणि ५.१ मिलिमीटरवर खुणा करा. १.७ मीटर उंचीचे शिक्षक मैदानात अनुक्रमे ५०, १०० आणि २०० मीटरवर उभे राहिले, तर ते या खुणांत बसायला हवेत. मग फीतीने अंतर मोजून ताडा पाहावा. इंदापूर तालुक्यातील शाळांनी हिवाळ्यात तोच पुठ्ठा भिगवण किंवा कुंभारगावला उजनीच्या पाण्याकाठी न्यावा. सव्वा मीटर उंचीचा रोहित ३०० मीटरवर असेल तर पुठ्ठ्यावर अडीच मिलिमीटरचा दिसेल. अडचण एवढीच की सव्वा मीटर ही उंची मान वर असतानाची आहे, आणि रोहित बराच वेळ मान पाण्यात घालूनच उभा असतो.